पाचच्या घंटेपर्यंत

नाण्यांच्या ढिगात एकाच वेळी दोन हात घुसले आणि दोन्ही हातांची बोटं एकाच नाण्यावर येऊन थांबली. एक हात आचलचा होता. दुसरा कोणाचा, ते बघायला तिनं मान वर केली... आणि तेवढ्यात तिच्या बोटांनी, तिला न विचारताच, ते नाणं उचललंसुद्धा.

"सॉरी," ती म्हणाली. नाणं मात्र तिनं परत ठेवलं नाही.

"नाही नाही... तुमचंच," समोरचा म्हणाला. तोंडानं म्हणाला. डोळे तिच्या मुठीवरून हलायला तयार नव्हते. उंच, सावळा, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि चेहरा असा, की जणू पहिल्या पंगतीला बसलेल्या माणसाच्या पुढ्यातून कोणी पान उचलून न्यावं.

आचलला हसू आलं. खरं म्हणजे सकाळपासून तिला कशानंही हसू येत होतं. नांदगाव खंडेश्वरहून सातच्या एसटीनं ती अमरावतीला आली होती, तीही आयुष्यात पहिल्यांदाच अशा मेळाव्याला. राजापेठेजवळच्या त्या मंगल कार्यालयात एरवी लग्नं लागत. आज स्टेजवर 'वऱ्हाड नाणेसंग्राहक मेळावा' असा फलक होता, खाली पन्नास टेबलं होती आणि झिजलेल्या तांब्याकडे बघून डोळे लकाकणारी शेदोनशे माणसं होती. आचल शाळेत इतिहास शिकवायची. दोन वर्षं तिनं एकटीनं नाणी जमवली होती, बिस्किटांच्या डब्यात. घरी बाबांना, पंजाबरावांना, एखादं नवं नाणं दाखवावं तर ते चष्मा पुसत म्हणत, "चालत नाई त्या पैशाचं काय करतं वं पोरी?" आणि इथं... इथं आल्या आल्या एका अनोळखी आजोबांनी तिच्या हातात भिंग कोंबून सांगितलं होतं, "हा घोडा बघा, घोड्याची शेपूट बघा." तिनं शेपूट बघितली होती आणि मन अगदी भरून आलं होतं.

"बेटी, पयलीच खेप हाये का?" ढिगामागून आवाज आला. ढीग ओमप्रकाश शेठजींचा होता. अकोल्याचे जुने व्यापारी. दरवर्षी पोतंभर सरमिसळ नाणी आणून परातीत ओतायचे.

"हो शेठजी."

"मंग नियम आयकून घे. ढिगातला माल पाचच्या घंटेआधी विकल्या जात नाई. दिवसभर पाहा. आवडलं तं हातात ठेवा. पण हातातच. पर्स नाई, खिसा नाई. घंटा झाली का ज्याच्या हातात त्याचं, दोनशे रुपयांत. मधात खाली ठेवलं, का कोणीबी उचलीन."

"अन् पाचपर्यंत हातातच धरून फिरायचं?"

"फिर ना. हॉलच्या बाहेर जायचं नाई. आन दुसरी गोठ, दुसऱ्याच्या हातातल्या नाण्याबद्दल कोणी एक शबद बोलायचा नाई. चांगलं नाई, वाईट नाई. बोलला त्याले वर्षभर ढीग बंद." हे वाक्य शेठजींनी त्या उंच माणसाकडे बघून म्हटलं.

जाणकारांनी गोड बोलून नवख्यांच्या हातातून चांगला माल काढून घेऊ नये, म्हणून कोणा भल्या माणसानं ही चाल घातली होती आणि मंडळी ती सोवळ्यासारखी पाळत होती.

आचलनं मूठ उघडून पाहिलं. जाड, ओबडधोबड तांब्याचा तुकडा. एका अंगावर फारसी अक्षरांची ओळ. तिला फारसी येत नव्हती. नाण्यात काय आहे, ते नाण्यावरून कळेना. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून एवढं नक्की कळत होतं, की काहीतरी आहे. तिनं मूठ मिटली.

"मी यशोधन," तो म्हणाला. "अकोल्याहून आलोय. जठारपेठेत घर आहे. वकिली करतो."

"मी आचल. नांदगाव खंडेश्वर. ...तुमाले हे पायजे होतं का?"

त्यानं तोंड उघडलं. शेठजींकडे बघितलं. तोंड मिटलं.

"आज हवा छान आहे," तो म्हणाला.

साडेअकरापर्यंत आचलच्या लक्षात आलं, की ती ज्या टेबलाशी जाते त्या टेबलाशी हा माणूस आधीच उभा असतो, किंवा मागून येतो. आणि बारापर्यंत तिच्या लक्षात आलं, की त्याचं तिला वाईट वाटत नाही. उलट, तो दोन मिनिटं दिसला नाही तर तिची मान आपोआप वळत होती.

हुशार माणूस होता. कुठल्याही नाण्याबद्दल विचारा, गोष्ट तयार. जुने सराफ नाणं दगडावर आपटून आवाजावरून खोटं ओळखायचे, ते त्यानं तिला आवाज काढून दाखवलं. फक्त एका नाण्याबद्दल तो अवाक्षर काढत नव्हता. आचलनं त्याची गंमत करायचं ठरवलं.

"तांब्याचं नाणं कसं धरायचं हो? मूठ बांधून?"

"सर्वसाधारणपणे," तो घसा खाकरून म्हणाला, "कुठलंही तांब्याचं नाणं कडेनं धरावं. हाताचा घाम तांब्याला मानवत नाही."

"कुठलंही म्हणजे?"

"कुठलंही. जगातलं. मी कोणत्याही विशिष्ट नाण्याबद्दल बोलत नाहीये."

"अन् एखादीच्या हाताले लय घाम येऊन राहिला असन तं?"

"तर तिनं..." त्यानं खिशातून पांढरा, घडी न मोडलेला रुमाल काढला, "हा घ्यावा. सर्वसाधारणपणे."

रुमाल देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. जानेवारीची थंडी होती, तरी आचलचा कान गरम झाला.

जेवणाला खरी पंचाईत झाली. मेळावा भरवणाऱ्या मंडळानं गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे केले होते, वांग्याची भाजी आणि वरण. आता रोडगा हा काही एका हातानं खायचा जिन्नस नाही. तो दोन्ही हातांनी फोडायचा, चुरायचा, त्यावर तूप ओतायचं, मग वरण. आचलच्या डाव्या हातात नाणं, उजव्या हातात ताट. ती भरल्या ताटाकडे बघत उपाशी उभी राहिली.

"द्या इकडे," यशोधन म्हणाला. त्यानं ताट घेतलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, बाह्या सारल्या आणि रोडगा चुरायला लागला. मन लावून. एक खडा राहू दिला नाही. मधोमध खळगा करून त्यानं तूप ओतलं.

"वकील लोक सगळ्याईचेच रोडगे चुरून देतात का?"

"फी घेऊन."

"माही फी किती?"

"निकाल लागू दे. मग सांगतो."

ती खाऊ लागली. तो स्वतःचं ताट विसरून तिच्याकडे बघत होता, आणि या खेपेला मुठीकडे नाही, तिच्याकडे. केसांची एक बट तिच्या डोळ्यांवर आली होती. एका हातात नाणं, दुसरा हात वरणाचा. तिनं फुंकर मारली. बट उडाली आणि परत तिथंच आली. त्याचा हात जरासा वर उचलला गेला... आणि खाली गेला.

"तुम्ही नाणी कशी काय जमवायला लागलात?" त्यानं घाईघाईनं विचारलं.

"वर्गात टाकसाळ शिकवून राहिली होती. म्हटलं, नाणं असं पाडत, तसं पाडत. अन् माह्याजवळ दाखवाले एक जुनं नाणं नाई. मले लाज वाटली. त्या रविवारी बाजारातून एक घेतलं. मंग सुटलंच नाई."

"मला कोणी असं सांगितलं नव्हतं आजवर," तो म्हणाला. "लोक किंमत सांगतात. लाज कोणी सांगत नाही."

आचलला वाटलं, ही दुपार अशीच चालत राहावी. पाच वाजूच नयेत.

हात धुवायला ती नळाशी गेली. एकच हात धुवायचा, तरी वेळ लागला. तिथं मंडळाचे अध्यक्ष मोरोपंत उभे होते. निवृत्त संस्कृत शिक्षक, गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं भिंग.

"यशोधन तुमच्याबरोबर फिरतोय वाटतं?"

"हो सर."

"सालस मुलगा. सहा वर्षं एका नाण्यापायी झुरतोय. एलिचपूर टाकसाळ माहीत आहे ना? आताचं अचलपूर. तिथल्या तांब्याच्या नाण्यांची गंमत अशी, की ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. त्यामुळे टाकसाळीचं नाव दरवेळी कुठंतरी कापलं जातं. यशोधननं चाळीस नाणी जमवली, एकावरही नाव पुरं नाही. पुऱ्या नावाचं एक हवंय त्याला. मलाही हवं होतं कधीकाळी." मग ते छताकडे बघून म्हणाले, "मी कोणाच्या हातातल्या नाण्याबद्दल बोलत नाहीये हं. मी यशोधनबद्दल बोलतोय."

ते गेले. आचलनं मूठ उघडली. अक्षरांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली होती. दोन्हीकडे तांबं उरलं होतं. काही कापलेलं नव्हतं.

तिनं मूठ घट्ट मिटली.

म्हणजे सकाळपासून तो तिच्यासोबत फिरतच नव्हता. तो या नाण्यासोबत फिरत होता. रुमाल यासाठी, रोडगा यासाठी, आणि ते डोळे... तेही यासाठीच. आणि आपण खुळ्यासारखं गरम कान घेऊन फिरत होतो. आचल स्वतःवरच चिडली. तिला नाण्याचा राग यावा, तर नाणंही आता लाडकं झालेलं. असलं नाणं आपल्या डब्यात! बाबांनासुद्धा दाखवता आलं असतं ऐटीत.

साडेतीनला तिनं त्याला खांबाआड गाठलं.

"एक विचारू? हे माह्या हातात नसतं, तं तुमी माह्यासोबत फिरले असते का?"

त्यानं आधी खांबाआडून शेठजींकडे नजर टाकली. तेवढ्यानंच तिचा जीव अर्धा झाला.

"त्याबद्दल बोलायला मनाई आहे," तो हळूच म्हणाला.

"मी नाण्याचं नाई विचारून राहिली."

"प्रश्नात ते आहे, आचल."

"खरे वकील आहात."

"पाच वाजू द्या. पाचनंतर सगळं सांगतो."

"पाचनंतर मी थे विकत घेतलेलं राहीन. तवा तुमी गोड बोलसान, तं मले कसं समजन कोणाशी बोलून राहिले... माह्याशी, का नाण्याशी?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. कोर्टात असा गप्प उभा राहत असेल तर अशिलांचं काही खरं नव्हतं.

आचल पुढचा सव्वा तास एकटीच टेबलांवरून फिरली. एकही नाणं धड दिसलं नाही. समजायचा एकच मार्ग होता, आणि तो तिला साडेतीनलाच सुचला होता. फक्त हिंमत होत नव्हती. घंटेच्या आधी नाणं खाली ठेवायचं. त्याचं त्याला मिळालं, की तो मोकळा. मग तो कुणीकडे जातो, ते दिसेलच. कदाचित नाणंही जाईल आणि माणूसही जाईल. रिकाम्या हातानं नांदगावला जायचं. गेलं तर गेलं... पण खोट्यावर जीव लावून बसायचं तिच्यानं होणार नव्हतं.

पाचला पाच कमी असताना ढिगाभोवती ही गर्दी. कोणी नाणं चिमटीत धरून, कोणी दुसऱ्याच्या चिमटीवर टपून. मोरोपंत भिंग लावून परातीवर वाकले होते. ओमप्रकाश शेठजींनी पितळी घंटा हातात घेतली होती. यशोधन समोरच उभा होता. सकाळी होता त्याच जागी.

आचल गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिनं रुमाल उलगडला, नाणं कडेनं उचललं आणि त्याच्यासमोर परातीच्या काठाशी ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं तो जरा मोठाच काढला. "तुमचं होतं. आता माह्या मागं फिराचं काम नाई."

आणि ती वळली. मागं बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. पहिलं टेबल गेलं. दुसरं गेलं. दाराकडचा उजेड पायांवर आला. मागं घंटा वाजली, गलका उठला, आणि तिच्या छातीत जे काही सकाळपासून नाचत होतं ते मटकन खाली बसलं.

"आचल... थांबा ना."

ती थांबली. तो धापा टाकत होता. मंगल कार्यालयाची लांबी धापा टाकण्याइतकी खचितच नव्हती.

"घेतलं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"नाणं."

यशोधननं आपल्या हातांकडे बघितलं. दोन्ही रिकामे होते. "ते... राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

दोघांनी एकदमच मागं वळून बघितलं. परातीशी मोरोपंत ताठ उभे होते. दोन बोटांत नाणं, डोळ्याला भिंग, आणि चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं तेज. शेठजी दोनशे रुपये गल्ल्यात टाकत होते.

"गेलं," यशोधन म्हणाला. मग एकदम त्याच्या लक्षात आलं, की घंटा झाली, आता बोलायला हरकत नाही, आणि दिवसभर कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. "पूर्ण नाव होतं हो त्यावर. एक अक्षर कापलेलं नव्हतं. मी सकाळी ढिगातच वाचलं होतं ते. सहा वर्षं..."

"अन् तुमी सोडून आले? येडे आहात का?"

"हात पुढं केला होता मी. पण तुम्ही वळलात आणि डोळे पुसलेत..."

"मी डोळे नाई पुसले."

"मग काय केलंत?"

"बट मागं सारली. सकाळपासून हात मोकळा नव्हता."

तो हसायला लागला. भिंतीला टेकून, चष्मा काढून, पोट धरून हसला. आचलनं रागावायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"खरं सांगतो," हसू ओसरल्यावर तो म्हणाला. "बारापर्यंत मी नाण्याच्याच मागं होतो. त्यात खोटं बोलत नाही. पण तो रोडगा चुरताना कधीतरी... विसरलो. नंतर आठवलं तेव्हा वेगळीच भीती वाटायला लागली. पाच वाजतील, तुम्ही ते घेऊन पर्समध्ये टाकाल, एसटीत बसाल, आणि तुमच्या मागं फिरायला माझ्याजवळ काही निमित्तच उरणार नाही. नाण्याबद्दल बोलायला पाचनंतर परवानगी होती. तुमच्याबद्दल बोलायला कोणाची परवानगी घ्यायची, ते कुठं लिहिलेलं नव्हतं."

"माही," आचल म्हणाली.

"काय?"

"परवानगी. माही घ्या लागते."

"...द्याल?"

ती उत्तर द्यायच्या आत मोरोपंत येऊन उभे राहिले. नाणं त्यांनी छातीशी धरलं होतं.

"यशोधन, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं."

"हो सर. मी लागलो."

"चांगलं केलंस. मी तुमच्या दोघांचे आभार मानायला आलोय." ते जायला निघाले, दोन पावलांवर थांबले. "आणि हे मी विकणार नाही, बदलणार नाही, उसनंही देणार नाही. विचारू नका."

ते गेले. यशोधन त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत राहिला, आणि आचलला पहिल्यांदाच दिसलं, त्याला किती लागलं होतं ते. आजचा दिवस त्याला चांगलाच महागात पडला होता, आणि तो तिच्याजवळ उभा होता.

"पुढच्या महिन्यात मेळावा कुठी आहे?" तिनं विचारलं.

"अकोल्याला. आमच्याकडेच. का?"

"तिथं शोधू दुसरं."

"इतकं सोपं नाही ते. सहा वर्षं लागली मला एक दिसायला."

"एकटे शोधत होते ना तुमी. दोन डोळ्याईले सहा वर्षं लागले, चार डोळ्याईले तीन लागतीन."

यशोधन तिच्याकडे बघत राहिला. ती सरळच बोलली होती, तरी ते शब्द आत पोचायला वेळ लागला. पोचले तेव्हा त्याचे कान लाल झाले, आणि हा रंग आपल्याला किती आवडला, ते आचलनं लपवलंही नाही.

"आणि तीन वर्षांत नाही सापडलं तर?" तो म्हणाला.

"तं अजून तीन. तुमाले घाई आहे का?"

"नाही," तो म्हणाला, "मला अजिबात घाई नाही," आणि त्यानं हात पुढं करून पुन्हा डोळ्यांवर आलेली ती बट तिच्या कानामागं सारली.